चौथी घंटा

१

परत येताना स्मारांदाने मनात एक खोली सजवली होती. काचेच्या भिंती, भरपूर उजेड, आपल्याच वयाची पाच-सहा हुशार मुले. स्वीडनमध्ये डॉक्टरेटपर्यंत शिकताना सात वर्षे तिने अशी खोली रोज पाहिली होती. आता तशीच आपल्या देशात, रोमानियात, उभी करायची होती. इथल्या रस्त्यांवर माणसे उगाच मरतात, हे तिचे लाडके वाक्य. उगाच म्हणजे लक्ष नसल्यामुळे. लक्ष मोजता येते, आणि जे मोजता येते ते सुधारता येते. विमानात शेजारच्या बाईला तिने हे सगळे समजावून सांगितले. ती बाई झोपल्यावरही स्मारांदा थोडा वेळ बोलतच होती.

मिळाली ती पितेश्ती शहराच्या कडेला, बंद पडलेल्या कारखान्यातली एक शेड. खिडक्यांना आतून काळा रंग, फरशीत मुरलेला ग्रीसचा वास आणि मधोमध अर्धी गाडी. अर्धी म्हणजे अक्षरशः अर्धी: पुढच्या दोन सीटांच्या मागे कापलेली, चाके काढून लोखंडी पायांवर चढवलेली. समोर तीन मोठे पडदे. पडद्यांवर रस्ता धावायचा आणि गाडी जागच्या जागी थरथरायची. सहकारी एकच, साबिन. पन्नाशीला टेकलेला तंत्रज्ञ, खिशात कायम सूर्यफुलाच्या बिया.

"मागचा अर्धा भाग अजून मंजूर झालेला नाही, डॉक्टरबाई," तो पहिल्या दिवशी म्हणाला. "झाला की दोघं फिरायला जाऊ."

काम तसे साधे होते. शहरातून डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आपोआप चालणाऱ्या बस येणार होत्या. अशी बस स्वतः चालते, आणि जिथे तिला काही उमगत नाही तिथे घंटा वाजवते. घंटेनंतर दोन सेकंदांनी ती स्टिअरिंग सोडून देते. तेवढ्या वेळात सीटवरच्या माणसाने नजर रस्त्यावर आणि हात स्टिअरिंगवर आणायचे. बस कंपनीच्या एकतीस ड्रायव्हरांपैकी कोणाला हे जमते ते स्मारांदाने सांगायचे होते. ज्यांना जमणार नाही त्यांना कंपनी ठेवणार नव्हती.

तोच डोंगराचा रस्ता साबिनने पडद्यावर जसाच्या तसा उतरवला होता. वाटेत सहा ठिकाणी घंटा वाजे. ड्रायव्हरने टॅबवर बातम्या वाचत बसायचे आणि घंटा वाजली की टॅब टाकून गाडी ताब्यात घ्यायची. स्टिअरिंगमागचा छोटा कॅमेरा त्याचे डोळे टिपायचा आणि नजर कुठे आहे ते क्षणाक्षणाला नोंदवायचा. शेवटी प्रत्येक घंटेसमोर एक शब्द उमटायचा: 'सावध' किंवा 'बेसावध'. कुठला शब्द कधी उमटावा याचे नियम स्मारांदाने स्वतः लिहिले होते. तिला त्यांचा अभिमान होता.

२

चौथी घंटा पुलापलीकडच्या डाव्या वळणावर होती.

पहिला ड्रायव्हर पाच घंटांना सव्वा सेकंदात तयार झाला. चौथीला मात्र त्याने आधी उजवीकडे, रस्त्याकडेच्या गवतात पाहिले आणि मग स्टिअरिंग धरले. तीन सेकंद. स्मारांदाने नोंद केली: बेसावध. दुसऱ्यानेही तिथेच पाहिले. सातव्यानेही. अकराव्यापासून गोष्ट नजरेवर थांबली नाही. त्याने उजव्या हाताची तीन बोटे जुळवली आणि कपाळ, पोट, उजवा खांदा, डावा खांदा असा क्रूस काढला. दोन्ही हात परत स्टिअरिंगवर येईपर्यंत चार सेकंद झाले होते.

चर्चवरून जाताना इथली माणसे हे करतातच. भरलेल्या बसमध्ये एकदम वीस हात उठतात, आणि ड्रायव्हरचा त्यांत पहिला. लहानपणी स्मारांदाही करायची. स्वीडनमधल्या पहिल्या हिवाळ्यात एका मैत्रिणीने, "तुला कुठे खाज सुटलीय का?" असे विचारले, तेव्हापासून सुटले.

"त्या वळणावर काय आहे?" तिने साबिनला विचारले.

त्याने वळण पडद्यावर आणून थांबवले. गवत, कठडा, आकाश. "गवत आहे. आणखी दाट करू का?"

"खऱ्या रस्त्यावर विचारतेय मी. चर्च? अपघातात कोणी मेल्याचा क्रूस?"

"काही नाही. चित्रं मीच घेतलीत ना. माणसं, कुत्री, एक घोडागाडी, सगळं पुसत पुसत गेलो. त्या वळणावर पुसायलाही काही नव्हतं." त्याने बीचे टरफल हातात थुंकले. "म्हाताऱ्यांना कुठंही देव दिसतो हो, डॉक्टरबाई."

रविवारी ती स्वतः जाऊन आली. गवत होते, कठडा होता, एक चेपलेली प्लास्टिकची बाटली होती. ती दहा मिनिटे उभी राहिली. खाली नदीचा आवाज येत होता, बाकी काही नाही.

तिने कारण शोधले आणि ते मिळालेही. ड्रायव्हर डेपोत एकमेकांशी बोलतात. एकाने केले ते दुसऱ्याने ऐकले. तिने वहीत लिहिले: सामूहिक सवय. तिला बरे वाटले.

त्याच आठवड्यात कॅमेरा पडद्याच्या कोपऱ्यात 'चेहरे: २' असे दाखवू लागला. गाडीत माणूस एकच असायचा. काचेतले प्रतिबिंब, ती म्हणाली, आणि यंत्रात 'एकच चेहरा' असा पर्याय होता, त्यावर खूण केली. आकडा गेला.

३

शेवटचा, एकतिसावा, पांतेली द्रागोमिर. वय एकसष्ट. वडीलधाऱ्या पुरुषाला रोमानियात 'नेआ' म्हणतात. सगळा डेपो त्याला नेआ पांतेली म्हणत असे. मंगळवारी सकाळी तो कागदात गुंडाळलेले गरम कोव्रिग घेऊन आला. तीळ लावलेली ती कड्यासारखी पावे त्याने तिच्या टेबलावर ठेवली.

"लाच नाही हं, पोरी. बायको म्हणाली, शास्त्रज्ञ लोक उपाशी असतात."

पहिल्या तीन घंटांना तो सर्वांत चपळ ठरला. सेकंदही लागला नाही. पूल आला. चौथी घंटा वाजायच्या आधीच शेडमध्ये बारीक टिंग-टिंग सुरू झाली. शेजारच्या सीटवर बसलेल्याने पट्टा लावला नाही की गाडी करते तसा आवाज. नेआ पांतेलीने टॅब मांडीवर उलटा ठेवला आणि उजवीकडे पाहिले. गवतात नाही. शेजारच्या सीटवर. घंटा वाजली. त्याने तीन वेळा क्रूस काढला, सावकाश, घाई न करता. हात स्टिअरिंगवर यायला सहा सेकंद चार दशांश लागले. पडद्यावरचे वळण तोवर मागे गेले होते.

"रस्त्याकडे का नाही पाहिलंत, नेआ पांतेली?"

"शेजारी कोणी येऊन बसलं तर माणूस आधी त्याच्याकडे बघतो."

"शेजारी कोणी नव्हतं."

"बरं," तो म्हणाला. "तू शिकलेली आहेस."

त्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच बहुधा तिला राग आला. तिने त्याला ऐकवले. तुमच्या मागे चाळीस जीव बसणार, ते अंधश्रद्धेच्या भरवशावर सोडायचे का, जगात लोक कुठे पोहोचले. तो टोपी हातात फिरवत ऐकून घेत होता.

"बत्तीस वर्षं चालवतोय," शेवटी तो म्हणाला. "कोणाला ओरखडा नाही. निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत माझी. तेवढी सीटवर निघाली की झालं. दुसरं काही येत नाही मला."

"मी आकडे बदलू शकत नाही."

"बदल कुठं म्हणतोय, पोरी? बघ म्हणतोय."

४

गुरुवारी डेपोच्या कॅन्टीनमध्ये सगळ्या ड्रायव्हरांची बैठक होती. तिच्या संशोधन संस्थेचे संचालक क्रेत्सू म्हणाले होते, निकाल थोडक्यात सांग, आणि दाखवायला काहीतरी ने. माणसे आकड्यांवर विश्वास ठेवत नाहीत. म्हणून तिने नेआ पांतेलीची चित्रफीत नेली. टिंग-टिंग आवाज तिने काढून टाकला होता. त्याचा चेहराही पुसट केला होता. पण त्याच्या अंगातली पोपटी बंडी शहरात एकच होती.

पडद्यावर तो क्रूस काढू लागला तशी हशा पिकला.

"अरे, हा बस चालवतोय की चर्चमध्ये प्रार्थना करतोय!"

"नेआ पांतेली, तिकिटाबरोबर मेणबत्ती पण देता का हो?"

नेआ पांतेलीही हसला. "तोंड पण दाखवायचंस ना, पोरी," तो म्हणाला. "बायकोला सांगायला बरं, टीव्हीत आलो." त्याचे कान लाल झाले होते. टोपी टेबलाखाली पडली होती आणि ती उचलायच्या निमित्ताने तो बराच वेळ खाली वाकून राहिला.

हसणाऱ्यांपैकी वीस जणांनी त्या वळणावर तेच केले होते. स्मारांदाला ते एकेक करून माहीत होते. तिने सांगितले नाही. तीही हसली, मोठ्याने नाही, पण सगळ्यांना दिसेल इतके. माणसे आपल्या बाजूने झाल्यासारखे वाटले होते तिला. सात वर्षांत पहिल्यांदाच.

बाहेर पडताना तिच्या लक्षात आले की हसणे फार लवकर थांबले होते. सगळ्यांचे एकदम.

५

शुक्रवारी दुपारी ती अहवाल पुरा करत होती. एक आकृती टाकायची होती: चौथ्या घंटेला कोणाची नजर कुठे होती, त्याचे एकतीस ठिपके, एकाच चित्रावर. ते विखुरलेले असतील असे तिला वाटले होते. बेसावध माणसाची नजर विखुरतेच.

ठिपके एका रेषेत होते. पहिल्या ड्रायव्हरचा कठड्यापलीकडे गवतात. पाचव्याचा कठड्यावर. बाराव्याचा रस्त्याच्या कडेला. विसाव्याचा रस्त्यावर, गाडीच्या वाटेत. सव्विसाव्याचा उजव्या दाराजवळ. सगळे ठिपके जमिनीपासून एकाच उंचीवर. ज्या दिवशी परीक्षा नव्हती त्या दिवसांपुरतेही अंतर सुटले होते, म्हणजे ते जे काय होते ते सुट्टीच्या दिवशीही थांबले नव्हते.

मग दुसरी गोष्ट तिच्या ध्यानात आली, आणि ती आधी का आली नाही या विचाराने तिची मान गरम झाली. दोन सेकंदांनंतर गाडी स्टिअरिंग सोडते. वळण अवघ्या चाळीस मीटरवर. तीन, चार, सहा सेकंद स्टिअरिंगवर हात नसलेली एकतीस माणसे, आणि एकाचीही गाडी कठड्याला लागली नव्हती. तिने महिनाभर 'बेसावध' लिहिले. मग वळली कशी, हे एकदाही विचारले नाही.

"साबिन," तिने आवाज दिला. तो जाकीट चढवत होता. "ती शेजारच्या सीटच्या पट्ट्याची टिंग-टिंग. नेआ पांतेलीच्या वेळी वाजली ती. जरा बघता का?"

"कसली वाजतेय? तिची तार मी पहिल्याच आठवड्यात काढली. डोकं उठवायची." तो तिच्याकडे बघून थांबला. "घरी जा, डॉक्टरबाई. तुमचं तोंड उतरलंय."

तो गेला. बाहेर लख्ख ऊन होते. दार मिटताना उन्हाची एक पट्टी फरशीवरून सरकत गेली.

स्मारांदाने ठरवले, आपणच बसायचे. नियम बरोबर आहेत आणि सावध माणूस तिथे काय करतो हे दाखवायचे. बत्तिसावी नोंद. 'एकच चेहरा' वरची खूण तिने काढून टाकली. काय म्हणून लपवायचे? पट्टा लावला, टॅब घेतला, गाडी सुरू केली.

पहिली घंटा: सेकंदभर. दुसरी, तिसरी: तेवढेच. तिला हसू आले, आपण उगाच घाबरलो. टॅबवर हवामान होते. उद्या स्वच्छ. चाकांखालचा आवाज पोकळ झाला, म्हणजे पूल आला.

टिंग. टिंग. टिंग.

ती टॅबकडे बघत राहिली. तार नाही, हे तिला माहीत होते. शेजारच्या सीटचा फोम करकरला, तसा जुना फोम करकरतो, उकाड्याने, हेही माहीत होते. मग गाडी उजवीकडे किंचित कलली.

घंटा वाजली आणि तिने पाहिले.

सीट दबली होती. नुसती दबलेली नव्हे, दबत होती. दमलेले माणूस भार हळूहळू टेकवत बसते तशी. पट्टा खांबातून वीतभर बाहेर आला. थांबला. आणखी वीतभर आला.

पट्ट्याच्या वर तिने पाहिले नाही.

तिचा उजवा हात उठला. कपाळ, पोट, उजवा खांदा, डावा. सात वर्षांत विसरलेला हात, पण एकाही जागी चुकला नाही.

६

पडदे थांबल्यावर ती टेबलाशी आली. आधी नोंद उघडली. ती रीतसर झालेली होती.

चौथी घंटा: पाच सेकंद आठ दशांश. हात स्टिअरिंगवर नाहीत. बेसावध. नजर कुठे, या रकान्यात आकडे होते. शेजारची सीट, टेकूच्या वरच्या टोकाशी, चेहरा असतो त्या उंचीवर. संपूर्ण पाच सेकंद आठ दशांश. पाहिले नाही, असे ती स्वतःला सांगत होती. कॅमेरा म्हणत होता की तिने दुसरे काही पाहिलेच नव्हते.

स्टिअरिंगचा आलेख तिने दोनदा तपासला. यंत्राने ते सोडल्यानंतर ते बरोबर वळणाइतके डावीकडे फिरले होते. तिचा उजवा हात तेव्हा खांद्यावर होता आणि डाव्यात टॅब.

कोपऱ्यात लिहिले होते, चेहरे: २.

दुसऱ्या चेहऱ्याचीही नजर कॅमेऱ्याने इमानदारीने मोजली होती. ती पहिल्या घंटेपासून, सीट दबायच्या कितीतरी आधीपासून, रस्त्यावर होती. तिच्याकडे नाही, टॅबकडे नाही, एक क्षणही बाजूला नाही. पापणीसुद्धा लवली नव्हती. सहाही घंटांसमोर, तिनेच लिहिलेल्या नियमांप्रमाणे, सहा वेळा एकच शब्द: सावध.

तिने मागे वळून पाहिले नाही. अर्धी गाडी तिच्या पाठीशी होती.

नंतर जे केले ते तिने शांतपणे केले, आणि तेच पुढे तिला सर्वांत जास्त लागले. घाबरून केले असते तर निदान तसे म्हणता आले असते. तिने बत्तिसावी नोंद पुसून टाकली. ठिपक्यांची आकृती काढून टाकली. 'एकच चेहरा' वर पुन्हा खूण केली. पांतेली द्रागोमिर, बेसावध, कामास अयोग्य, ही ओळ होती तशीच ठेवली. सोमवारची मुदत होती. तिने अहवाल शुक्रवारीच, पाच वाजायच्या आत क्रेत्सूंना पाठवून दिला. क्रेत्सूंचे लगेच उत्तर आले: शाब्बास, तुझ्यासारख्या मुलांनी परत यायला हवे.

ती पायी घरी गेली. तिची स्वतःची गाडी कारखान्याच्या फाटकाशी उभीच राहिली. उजवीकडच्या सीटवर तिचे पुस्तक ठेवलेले होते. ते काढायलाही तिने दार उघडले नाही.

७

शनिवारी सकाळी आठला ती डेपोत पोचली तेव्हा नेआ पांतेली रबरी नळीने बस धूत होता. अहवालाची बातमी पोचली असावी. बसच्या पायरीवर त्याचा डबा, थर्मास आणि लॉकरमधला लहानसा आरसा एका पिशवीत भरून ठेवलेला होता.

"नेआ पांतेली, काल मी बसले होते गाडीत."

त्याने नळी बंद केली.

"माझंही तेच झालं. आणि मी ती नोंद पुसली. तुमची ठेवली."

बसच्या काचेवरून पाणी ओघळत होते.

"गाडी वळली?" त्याने विचारले.

"वळली."

"वळते." त्याने मान हलवली. "त्याचं काही नाही. ते आपलं बघतंय रस्त्याकडे."

"तुम्हाला ठाऊक होतं? सगळ्यांना?"

"ठाऊक काय असायचंय? कोणी येऊन बसलं तर मान राखतो, एवढंच."

"मी सगळ्यांसमोर तुमचं हसं केलं."

"ते घाबरून हसले, पोरी. त्यांचं मला काही नाही." त्याने हात पँटला पुसले. "तू कशाला हसलीस, ते मात्र रात्रभर कळलं नाही मला."

तिच्याकडे उत्तर होते. ते इतके क्षुद्र होते की तिने ते मोठ्याने सांगितले: त्यांनी मला आपलं म्हणावं म्हणून. सांगताना तिने मान खाली घातली नाही. घालावीशी फार वाटत होती.

मग तिने तिथेच, ओल्या फरशीवर उभे राहून, क्रेत्सूंना लिहिले. अहवाल परत घेत आहे. एकतीसही निकाल चुकीचे आहेत. माझा नियम चुकला, आणि चुकला हे कळल्यावर मी पुरावा पुसला. यात माझी नोकरी जाणार असेल तर जावी, पण ते वळण पुन्हा तपासेपर्यंत त्यावर आपोआप चालणारी एकही बस सोडू नका. तिने ते नेआ पांतेलीला वाचून दाखवले आणि पाठवले.

"पुरावा तर तू पुसलास," तो म्हणाला. "आता तुझं ऐकणार कोण?"

"सोमवारी पुन्हा बसेन. सगळ्यांसमोर. सगळा डेपो बोलवा. यंत्रापाशी तुम्ही बसा, आणि जे येईल ते तुम्ही वाचा, मोठ्याने. काही लपवायचं नाही."

त्याने नळी गुंडाळून ठेवली. मग पिशवी उचलून बसच्या आत, ड्रायव्हरच्या सीटमागे ठेवली.

"एकटी नको बसूस," तो म्हणाला. "यंत्रापाशी साबिनला बसव. शेजारी मी बसतो."

स्मारांदाला हो म्हणायचे होते. तिने तोंड उघडलेही.

"नको, नेआ पांतेली," ती म्हणाली. "ती जागा मोकळी ठेवायची."